मदत हवी आहे: शाळेशीही बोलेल असा सायकॉलॉजिस्ट जवळपास कसा शोधायचा?

मंडळी, मुलगा चौथीत आहे. तोंडी काहीही विचारा, फटाफट उत्तर देतो, गोष्ट सांगायला लागला की थांबत नाही, पण तेच वहीत लिही म्हटलं की गाडं अडतं. जोडाक्षरं खातो, 'प्रकाश'चं 'पकाश', आणि फळ्यावरचं उतरवताना मधली अख्खी ओळच गायब. बाई म्हणतात लक्ष नसतं, सासूबाई म्हणतात होईल आपोआप नीट. मला नाही वाटत तसं.

डोळे, कान तपासून झालेत, दोन्ही ठीक, त्यामुळे तो सल्ला नको प्लीज. मुलांच्या डॉक्टरांनी सायकॉलॉजिस्टकडून असेसमेंट करून घ्या म्हटलंय आणि इथूनच गोंधळ सुरू. सायकियाट्रिस्ट म्हणजे औषधं देणारे डॉक्टर एवढं माहितीये, पण डिस्लेक्सिया (लिहिण्या-वाचण्याची अडचण) आहे की एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) की दोन्ही (दोन्ही एकत्र असू शकतात म्हणे) हे बघणारा माणूस नेमका कोणता? एका ठिकाणी फोन केला तर म्हणे आयक्यू टेस्ट करू, लगेच रिपोर्ट देऊ. अहो पण नुसत्या आयक्यूवरून लिहिण्या-वाचण्याची अडचण कशी कळणार, त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात ना? आणि एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला लागतात, मग बाईंना काही न विचारताच कसं ठरवणार देव जाणे. बरं, तीच टेस्ट लगेच परत केली तर सराव झाल्यामुळे मार्क फुगतात, म्हणून आधी कुठेतरी करून बघू असंही करायचं नाहीये.

तर मला असं कुणीतरी हवंय जे मराठीतून टेस्ट घेईल, शिक्षकांशी बोलेल, जमलं तर वर्गात येऊन बघेल आणि रिपोर्टमध्ये शाळेने काय करायचं ते स्पष्ट लिहील, जास्त वेळ, लेखनिक वगैरे. असे लोक तुम्ही कुठून शोधलेत? शाळेकडे आधी लेखी मागणी करावी का? स्पेशल एज्युकेटरना विचारलं तर ते नावं सुचवतात का? पहिल्या फोनवर काय काय विचारून घ्यायचं?

गावाचं नाव इथे टाकत नाही, मुलाची ओळख नको म्हणून. कुणाला नाव सुचवायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, तिथे सांगते.

आणि हो, त्याला काय सांगून न्यायचं? 'टेस्ट' म्हटलं की परीक्षा समजून आदल्या रात्रीपासून पोटात दुखायला लागेल त्याच्या.