गुगल ड्राइव्हमध्ये फोल्डर टाकला म्हणजे बॅकअप झाला का? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

हिशेबवही

लॅपटॉप विंडोज ११चा, ५१२ जीबी एसएसडी. जपण्यासारखा डेटा साधारण ४०० जीबी: बहुतेक फोटो-व्हिडिओ, शिवाय टॅलीचा डेटा, आउटलुकची ११ जीबीची पीएसटी फाइल (सगळे मेल जिच्यात साठतात ती) आणि मराठी कागदपत्रं. कागदपत्रांतली बरीच जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी-पेस्ट होतं, पण डिस्क आणि लॅपटॉप एकाच कपाटात असतात. फायबरचं कनेक्शन आहे, अपलोड मोजल्यावर ४० एमबीपीएस मिळतो.

गुगलची २ टीबीची जागा घेऊन सगळे फोल्डर ड्राइव्हला जोडले तर पुरेल का? एवढा डेटा वर चढायला किती दिवस लागतील? आणि टॅली, पीएसटी वगैरेंसाठी काही वेगळं करावं लागतं का?

उंबरठा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं मूळ काम सिंकचं, म्हणजे दोन्ही ठिकाणी तेच दिसलं पाहिजे. लॅपटॉपवरून फोल्डर उडाला की वरूनही उडतो. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो, मग कायमचा जातो. मार्चमध्ये चुकून उडवलेला २०१९चा फोल्डर दिवाळीत आठवला तर काही हाती लागत नाही. रॅन्समवेअरचंही (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तेच. लॉक झालेली फाइल ही सिंकच्या दृष्टीने फक्त 'बदललेली' फाइल असते, ती इमानेइतबारे वर चढते. जुन्या आवृत्त्या राहतात, पण ड्राइव्हवर साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच, आणि हजारो फाइली एकेक करून मागे नेणं म्हणजे शिक्षा. वनड्राइव्हच्या पैसे भरलेल्या खात्याला सगळंच खातं गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणावर परत नेता येतं, तेवढं ते बरं.

बॅकअप सेवा वेगळी असते. ती एकाच दिशेने चालते आणि लॅपटॉपवरून उडालेली फाइल ठरलेल्या मुदतीपर्यंत वर ठेवते. घरगुती वापरात बॅकब्लेझचा पर्सनल प्लॅन सगळ्यात सोपा: एका कम्प्युटरमागे पैसे, जागेला मर्यादा नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये तो वर्षाला ९९ डॉलर झाला. त्याच वेळी वर्षभराच्या जुन्या आवृत्त्या वेगळे पैसे न घेता मिळू लागल्या. त्या सेटिंगमध्ये जाऊन चालू कराव्या लागतात, हे मात्र विसरू नका. ४०० जीबीसाठी गुगलचा २ टीबीचा प्लॅन त्याहून थोडा स्वस्त पडतो, पण तुम्हाला फरक जागेत शोधायचा नाही, मुदतीत शोधायचा आहे.

विंडोज ११मधला एक सापळाही बघून घ्या. नवीन लॅपटॉप सुरू करताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असतात. फुकटची जागा फक्त ५ जीबी, ती आठवड्यात भरते. वैतागून ते बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो. फाइली गेलेल्या नसतात, युजरच्या फोल्डरमधल्या वनड्राइव्ह फोल्डरात असतात. आधी त्या बाहेर हलवा, मग काय ती सेटिंग बदला.

त्याच फोल्डरात फाइलीपुढे निळसर ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, नुसती पाटी आहे. बॅकअपचं सॉफ्टवेअर अशी फाइल एक तर वगळतं, नाहीतर सगळ्या खाली ओढून डिस्क भरून टाकतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. हिरवी टिकली आली की मगच बॅकअप लावा.

केबलवाला

वेळेचं गणित सोपं आहे, फक्त बिट आणि बाइटची गल्लत करू नका: एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि एका बाइटचे ८ बिट. ४०० जीबी गुणिले ८ म्हणजे ३२,००,००० मेगाबिट. भागिले ४० केलं की ८०,००० सेकंद, म्हणजे सव्वाबावीस तास. प्रत्यक्षात ३० तास धरा, कारण हजारो छोट्या फाइलींमध्ये प्रत्येकीची नोंद करण्यात वेळ जातो आणि ४० सलग कधीच मिळत नाही. हाच डेटा ५ एमबीपीएस अपलोडवर साडेसात दिवस घेईल. मोबाइलच्या रोज २ जीबीवाल्या पॅकवर २०० दिवस, तो नाद सोडा.

पूर्ण ४० वापरू देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ३० लावा. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात. मग घरात 'नेट स्लो आहे' अशी ओरड सुरू होते आणि कुणीतरी राउटरच बंद करून टाकतं.

बॅकअप अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे लॅपटॉप झोपतो. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन चार्जर लावलेला असताना स्लीप 'नेव्हर' करा, पहिला बॅकअप होईपर्यंत. झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते कंट्रोल पॅनलमध्ये वेगळं असतं, तेही बदला. वायफायची जोडणी 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायची) म्हणून नोंदलेली असेल तर बरीच सॉफ्टवेअरं मुकाट्याने थांबून राहतात. चार दिवस काहीच चढलं नाही की आधी हे बघा. मध्येच वीज गेली तर घाबरू नका, चांगली सेवा तुकड्यातुकड्याने चढवते आणि तिथूनच पुढे जाते.

'अनलिमिटेड' फायबरलाही बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबी किंवा त्याहून कमी मर्यादा असते आणि अपलोडही त्यात मोजला जातो. ४०० जीबीला अडचण नाही, पण घरात दोन-तीन लॅपटॉप असतील तर एका महिन्यात एकच लावा.

क्रम असा ठेवा: आधी कागदपत्रं आणि टॅली, ते तासाभरात होतं. मग फोटो, शेवटी व्हिडिओ. सगळं एकदम निवडलं तर एखादा लग्नाचा ६० जीबीचा व्हिडिओ रांगेत पुढे बसतो आणि सातबारा मागे राहतो.

ताळेबंद

टॅली आणि पीएसटी यांची गोष्ट वेगळी आहे, दोन्ही 'उघड्या' फाइली, म्हणजे वापरात असताना सतत बदलणाऱ्या.

टॅलीचा डेटा फोल्डर थेट सिंकमध्ये कधीही ठेवू नका. कंपनीच्या फोल्डरात बऱ्याच फाइली एकमेकींवर अवलंबून असतात. सिंक त्या एकेक करून उचलतं, त्यामुळे वर गेलेल्या संचात एक फाइल अकरा वाजताची आणि दुसरी अकरा वाजून पाच मिनिटांची असू शकते. असा संच परत आणला की कंपनी उघडताना डेटा खराब असल्याचं दाखवते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा, ठिकाण म्हणून तारखेच्या नावाचा नवा फोल्डर द्या, आणि तयार झालेली तेवढी फाइलच वर जाऊ द्या. रोज एक, महिनाअखेरीची कायम ठेवा, ३१ मार्चची तर नक्कीच. परत आणून बघताना रिस्टोअरचं ठिकाण वेगळं द्या, नाहीतर चालू कंपनीवरच जुना डेटा बसेल.

आउटलुक नवीन पीएसटी स्वतःहून डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरात ठेवतं, म्हणजे वनड्राइव्ह चालू असेल तर ती तिकडे गेलेलीच असेल. मेल उघडला की पीएसटी बदलते. फाइल पूर्ण चढवणारी सेवा असेल तर रोज ११ जीबी, तुमच्या ४०वर जवळजवळ ३७ मिनिटं, महिन्याला ३३० जीबी. बदललेले तुकडेच पाठवणारं सॉफ्टवेअर हवं आणि ते विंडोजची शॅडो कॉपी वापरणारं हवं, म्हणजे फाइल उघडी असतानाही एका क्षणाचं चित्र घेता येतं. तसं नसेल तर रात्री आउटलुक बंद करून बॅकअप चालवा.

श्रीलिपीच्या फाइलींबरोबर फाँटही जपा. ते विंडोजच्या फाँट्स फोल्डरात असतात आणि विंडोजचा फोल्डर बॅकअप सेवा सहसा वगळतात. नव्या लॅपटॉपवर फाइल येते, फाँट येत नाही, आणि 'खरेदीखत'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. सगळे फाँट कागदपत्रांच्या शेजारी एका फोल्डरात कॉपी करून ठेवा. महत्त्वाच्या दस्तांची पीडीएफ काढा, तिच्यात फाँट आत बसतो.

अनुस्वार

देवनागरी नावांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. युनिकोडमध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक, काना, मात्रा आणि हलन्तासकट, ३ बाइट घेतो. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण घटक १० आणि बाइट ३०. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक साठ्यांत फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे ८५ घटक. आरक्लोन या कॉपी करण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या क्रिप्टसारखं नावंही कुलूपबंद करणारं काही वापरलं तर नाव फुगतं आणि मूळ नावाला जेमतेम १४३ बाइट उरतात, म्हणजे ४७ घटक, साधारण वीसेक अक्षरं. 'ग्रामपंचायत घरपट्टी पावती व नोंदणीकृत दस्ताची छायाप्रत' यात बसत नाही. अशी फाइल वगळली जाते आणि लॉगमध्ये एक ओळ पडते, जी कुणी वाचत नाही. नावं छोटी ठेवा, तपशील फोल्डरवर जाऊ द्या.

घरात जुना मॅक असेल तर आणखी एक गंमत. एचएफएस प्लसवर (मॅकच्या डिस्कवर फाइली साठवण्याची जुनी पद्धत) 'ऱ' हे अक्षर 'र' आणि नुक्ता असं फोडून साठवलं जातं, विंडोजवर ते अखंड असतं. त्यामुळे 'दुसऱ्या मजल्याचा नकाशा' ही एकच फाइल दोन्हीकडून चढली की वर दोन होतात, नावं हुबेहूब सारखी. दिसायला सारखी आहेत म्हणून एक उडवण्याआधी दोन्ही उघडून तारीख बघा.

हिशेबवही

सगळ्यांचे आभार, टॅलीचं तर माहीतच नव्हतं. दोन शंका उरल्या. खासगी कागद परक्या सर्व्हरवर ठेवताना कुलूप कसं लावायचं? आणि फोटो गुगल फोटोजवर आधीच आहेत, ते परत चढवायची गरज आहे का?

उंबरठा

फोटो आधी. गुगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' लावलेलं असेल तर तिथे मूळ फोटो नाहीतच. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८०पीपेक्षा मोठे व्हिडिओ लहान करून ठेवलेले असतात. आणि सगळं एकदम खाली आणायचं तर गुगलचंच टेकआउट वापरावं लागतं. ते झिपचे गठ्ठे देतं, गठ्ठ्याचा आकार ५० जीबीपर्यंत निवडता येतो, पण लिंक आठवडाभरच चालते. गुगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेल्या तारखा आणि वर्णनं फोटोत नसतात, शेजारच्या जेसन फाइलीत असतात. कॅमेऱ्याच्या फोटोत निदान मूळ तारीख आत असते, व्हॉट्सअॅपवरून आलेल्यात तीही नसते. म्हणून ज्या फाइलीचं नाव 'आयएमजी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' असं आहे तिचं नाव बदलू नका, तारखेचा तेवढाच पुरावा आहे. थोडक्यात, मूळ फोटो वेगळे चढवा.

कुलपासाठी क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर चांगलं. ते प्रत्येक फाइल वेगळी बंद करतं, त्यामुळे एक फाइल बदलली तर एकच चढते. व्हेराक्रिप्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा मोठा डबा (सगळ्या फाइली आत असलेली एकच कुलूपबंद फाइल) करून सिंकमध्ये ठेवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तो घेऊ नका. डब्यात बदल केला तरी व्हेराक्रिप्ट मूळ सेटिंगमध्ये डब्याची तारीख बदलत नाही, त्यामुळे सिंकला बदल झाल्याचं कळतच नाही.

बॅकअप सेवेत स्वतःची चावी, म्हणजे फक्त तुम्हाला माहीत असलेला पासवर्ड, ठेवायची सोय असते. ती हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही, आणि हेच तिचं वैशिष्ट्य आहे. चावी कागदावर लिहून लॅपटॉप सोडून दुसऱ्या घरी ठेवा. गुगलचे ८ आकडी १० बॅकअप कोडही छापून त्याच पाकिटात. लॅपटॉप आणि फोन एकदम गेले तर ओटीपी येणार कुठे?

केबलवाला

पैशांचंही बघा. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला वेगळी मंजुरी लागते. परदेशी सेवांचं नूतनीकरण त्यामुळे बऱ्याचदा अडकतं. इशाऱ्याचा मेल प्रमोशन्समध्ये पडतो आणि मुदत संपली की वरचा डेटा पुसला जातो. वर्षाचे पैसे एकदम भरा आणि कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधीची आठवण लावा.

दर फार स्वस्त दिसला की परत आणण्याचा दरही वाचा. अॅमेझॉनचा ग्लेशियर डीप आर्काइव्ह (क्वचित लागणाऱ्या फाइलींचा साठा) अमेरिकेतल्या केंद्रात महिन्याला टीबीमागे १ डॉलरच्या आसपास पडतो. पण फाइल मागितल्यावर १२ ते ४८ तास थांबावं लागतं, १८० दिवसांच्या आत पुसली तरी तेवढ्या दिवसांचे पैसे लागतात, आणि पहिल्या १०० जीबीनंतर डाउनलोडला जीबीमागे ९ सेंट. तुमचे ४०० जीबी उतरवायला २७ डॉलर, साठवण्याच्या पाच-सहा वर्षांच्या खर्चाइतके.

ताळेबंद

कपाटातली डिस्कही चालू ठेवा, पण कॉपी झाली की वायर काढा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला लॅपटॉपचाच भाग वाटते. आणि तीच डिस्क ऑनलाइन बॅकअपमध्ये घेतली असेल तर सेवेच्या अटी वाचा, ठरलेल्या मुदतीत ती एकदाही जोडली नाही तर वरची प्रत पुसली जाते.

पहिला बॅकअप पूर्ण झाला की दुसऱ्या कम्प्युटरवर ब्राउझरमधून लॉगिन करून पाच गोष्टी उतरवा: एक मराठी नावाची फाइल, एक टॅली बॅकअप, पीएसटी, मोठा व्हिडिओ आणि आठवड्यापूर्वी मुद्दाम उडवलेली एक फाइल. व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून बघा, पीएसटी आउटलुकमध्ये उघडा. पाचातली एक जरी अडली तरी कपाटातल्या डिस्कवरून काहीही पुसू नका आणि अडलेल्या फाइलीचं नाव, आकार आणि आलेला एरर इथे टाका.