मदत हवी आहे: वाइप, स्क्रब, स्काउर... नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी,

साफसफाईच्या कामाच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणते आहे आणि काही शब्दांपाशी अडले आहे.

स्वीप म्हणजे झाडणे, रिन्स म्हणजे विसळणे किंवा खळबळणे, इथवर ठीक. पण वाइप आणि मॉप दोन्हींना आपण 'पुसणे'च म्हणतो. मॉप बहुधा फरशीसाठी आणि ओल्या पोछ्याने, तर वाइप टेबल, काच, हात कशालाही चालतं, असं मी समजते. बरोबर आहे का?

खरी अडचण स्क्रब आणि स्काउरची. दोन्ही 'घासणे'. स्क्रब ब्रशने जोर लावून, आणि स्काउर म्हणजे तारेच्या घासणीने किंवा खरखरीत पावडरीने, करपलेलं भांडं खरवडावं तसं? स्काउर म्हणजे कसून शोधणे असाही अर्थ आहे, त्यामुळे गोंधळ वाढतो. डस्ट तर आणखी विचित्र: धूळ झटकणे तेही डस्ट, आणि केकवर पिठीसाखर भुरभुरणे तेही डस्टच!

सॅनिटाइझ आणि डिसइन्फेक्टला सर्रास 'निर्जंतुक करणे' लिहिलेलं दिसतं. मला ते चूक वाटतं. सॅनिटाइझमध्ये जंतू सुरक्षित पातळीपर्यंत कमी होतात, डिसइन्फेक्टमध्ये बहुतेक मरतात, आणि बीजाणूंसकट (म्हणजे जंतूंच्या चिवट, सुप्त रूपांसकट) सगळे नष्ट होतात ते स्टरिलाइझमध्ये. म्हणजे 'निर्जंतुक' हा शब्द खरा स्टरिलाइझचा. मग आधीच्या दोघांना काय म्हणावं? वाचणाऱ्याने चुकीची कृती करू नये, म्हणून हे नीट हवं आहे.

क्लीन्झ फक्त त्वचा, जखम आणि मन यांपुरतंच वापरतात का, तेही कुणी सांगाल?