गरम टायरची हवा सोडून दिली पंपावर, बराबर केलं का?

देवळीवाला:
भाऊ लोकहो एक डाऊट हाय. परवा समृद्धीनं संभाजीनगरले गेलतो, घरचे पाच जन अन डिक्कीत आंब्याच्या पेट्या. सकाळी निघाच्या आधी चारही टायरात 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती, दुपारी एक वाजता पंपावर थांबलो तं तिथल्या पोट्ट्यानं मीटर लावला अन म्हने काका 38 झाली, फुटन, मी हो म्हनाच्या आधीच सुस्स करून 33 वर आनली पन. आता बायको म्हनून राह्यली गाडी जड चालते. खरं काय?

कास्तकार_४७डिग्री:
तिथंच चुकलं ना भाऊ. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असते, त्याच्यावरचा आकडा थंड्या टायरचा असते, म्हनजे गाडी तीनेक तास उभी पाह्यजे. मे महिन्याचा रोड अन दोनशे किलोमीटरचा पल्ला, 33 ची 38 होनारच, ते कंपनीवाल्यांनी धरूनच आकडा देल्ला असते. गरम असताना सोडली तं थंडी झाल्यावर 28-29 वर येते, मंग टायर बसते, साईडवॉल म्हनजे टायरची बाजू जास्त मुडपते अन तिथंच तापते. आपल्याकडं फुटते ते जास्त करून कमी हवेनंच. उद्या सकाळी गाडी हालवाच्या आधी चेक करजा. अन टायरवर छापलेला आकडा पाहू नको, तो जास्तीत जास्तचा असते.

पोट्टा_वर्धेचा:
मी तं नायट्रोजन भरतो, काही टेन्शन नाही 😎

कास्तकार_४७डिग्री:
बाबू, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असते. फुकट भेटला तं भर, पन मीटर लावाचा काही सुटत नाही. अन पाच जन अन सामान असन तं मागच्या टायरचा फुल लोडचा आकडा त्याच स्टिकरवर येगळा लिहिला असते, तो कोनी वाचतच नाही.

देवळीवाला:
सकाळी सहाले पाह्यलं. तीन टायर 28-29, मागचं डावं 22! आधी वाटलं वॉल्व, थुंकी लावून पाह्यली तं काहीच नाही, मंग साबनाचं पानी टाकलं तं खाचेतून बारीक बारीक बुडबुडे. बाभळीचा काटा, वावराच्या धुऱ्यावर गाडी नेलती तेव्हाचा. पंक्चरवाला नऊ वाजता दुकान उघडते, तोपर्यंत चहा.