मदत हवी: १५ हजारात ग्राफिक कार्ड कोणतं? रविवारी जळगावला जातोय

अमळनेरचा_गेमर
पीसी आहे, आय५ आहे, ८ जीबी रॅम आहे. ग्राफिक कार्ड टाकायचंय. बजेट १५ हजार, ओढूनताणून १६. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० घेऊ की एएमडीचं आरएक्स ६६००? मित्र म्हणतो सेकंडहँड ६६०० डोळे झाकून घे. रविवारी गोलाणी मार्केटला जातोय, त्याच्या आत सांगा. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. लिंका नकोत, फक्त नाव सांगा.

भुसावळ_जंक्शन
आय५ कितव्या पिढीचा? दुसऱ्या पिढीचाही आय५च आणि चौदाव्या पिढीचाही आय५च. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, किती वॉटचा? कॅबिनेट केवढं? मॉनिटर कोणता, गेम कोणते? हे कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे पेशंट न तपासता गोळी देणं.

शिरपूरकर
आरएक्स ५८०, ८ जीबी. विषय संपला. माझ्याकडे आहे, जीटीए ५ एकदम मक्खन चालतो. पंधराच्या खूप आत बसेल, उरलेल्या पैशात रॅम घे.

भुसावळ_जंक्शन
शिरपूरकर, ५८० म्हणजे २०१७ चं कार्ड, १८५ वॉट खातं. शिवाय २०४८ एसपी नावाचा कमी ताकदीचा प्रकार ५८० म्हणूनच खपवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावणं, थांबलं, तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यातलंच एखादं पोराच्या गळ्यात पडेल.

शिरपूरकर
मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, हा गैरसमज आहे भाऊ. मायनिंगवाले लाइट बिल वाचवायला कार्ड कमी व्होल्टेजवर चालवायचे. चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, पंखा बदला, कार्ड चालतं.

भुसावळ_जंक्शन
चिप टिकते, मान्य. पण मेमरी रात्रंदिवस तापलेली असते आणि वॉरंटी शून्य. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. खोलीच एवढी तापलेली असताना पंखा कार्डावर गरम हवाच फेकणार. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास गेली की आपोआप वेग कमी करतात. पुण्या-मुंबईचे आकडे भुसावळला लावून चालत नाही.

अमळनेरचा_गेमर
भाऊ लोक, ५८० चं मी विचारलंच नाही. १६५० की ६६००, एवढंच सांगा. प्रोसेसर आय५ ६५०० आहे. एसएमपीएस कंपनीचाच आहे. गेम सगळेच.

नंदुरबारची_ताई
"कंपनीचाच" म्हणजे कोणत्या कंपनीचा? ६५०० म्हणजे सहावी पिढी. ही मशिनं आजकाल ऑफिसांतून निघालेली, रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून विकलेली म्हणून मिळतात. तुझं कॅबिनेट पातळ आहे का? मॉनिटरखाली आडवं ठेवता येईल असं?

धुळ्याचा_व्हिडिओवाला
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, अनुभवाने सांगतो: एनव्हिडियाच घे. एएमडीच्या नादी लागू नको. स्वस्तातल्या ६४०० आणि ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडरच, म्हणजे व्हिडिओ फाइल बनवणारा भागच, दिलेला नाही. एक्स्पोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. लग्नसराईत पार्टी दारात उभी असते आणि टाइमलाइन सरकत नाही, तेव्हा कळतं.

भुसावळ_जंक्शन
त्याला लग्नं एडिट करायची नाहीत, गेम खेळायचेत. आणि ६६०० मध्ये एन्कोडर आहे. सगळ्या एएमडीला एका काठीने हाकू नका.

धुळ्याचा_व्हिडिओवाला
आज गेम खेळतोय, उद्या चॅनेल काढेल. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराने काढलंय. तेव्हा रेकॉर्डिंग लागेलच.

केळीवाला_रावेर
कार्ड राहू द्या बाजूला. आधी यूपीएस आणि अर्थिंग बघा. आमच्याकडे मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली जातं, मोटारी बंद झाल्या की एकदम वर. नवं कार्ड टाकायचं आणि ते साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवायचं, हे मला पटत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो, हेही लक्षात ठेवा. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतं राहतं.

अमळनेरचा_गेमर
काका, यूपीएस आहे.
ताई, हो, पातळच आहे. डेलचं ऑप्टिप्लेक्स. मामांच्या ओळखीने घेतलं. त्याने काय फरक पडतो? स्लॉट तर आहे ना आत. मित्राने फोटो बघून सांगितलं, बसेल म्हणून.

नंदुरबारची_ताई
सगळा फरक त्यानेच पडतो. वायर काढ, झाकण उघड आणि तीन गोष्टी बघून सांग. एसएमपीएसच्या लेबलवर किती वॉट लिहिलंय. लांब स्लॉटच्या शेजारी किती जागा मोकळी आहे, पट्टी लावून मोज. आणि मागच्या बाजूला कार्डाची धातूची पट्टी बसते ती फट किती उंचीची आहे. मॉनिटरचं रिझोल्यूशनही लिही. हे कळेपर्यंत रविवारचं तिकीट काढू नकोस.

शिरपूरकर
पातळ असेल तर झाकण काढून ठेव, कार्ड बाहेरून रायझर केबलने, म्हणजे स्लॉट बाहेर आणणाऱ्या वायरने, लाव. तसंही करतात लोक.

भुसावळ_जंक्शन
भो, धूळ किती आहे आपल्याकडे! उघडं मशीन एक उन्हाळा काढणार नाही. आणि रायझर लावला तरी ६६०० ला करंट कुठून देणार?

अमळनेरचा_गेमर
उघडलं. एसएमपीएसच्या पत्र्यावर पांढरं लेबल आहे, १८० वॉट. लांब काळा स्लॉट एसएमपीएसला लागूनच आहे. स्लॉटच्या मध्यापासून एसएमपीएसच्या पत्र्यापर्यंत जेमतेम दोन सेंमी, बोट घातलं तर घासतं. मागची फट पट्टीने मोजली, साधारण ८ सेंमी. एसएमपीएसमधून कार्डासाठी वेगळी वायर निघतच नाही. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८, फक्त व्हीजीए. गेम म्हणाल तर व्हॅलोरंट आणि जीटीए ५, बाकीचे नंतर बघू.

नंदुरबारची_ताई
आता बोलता येईल.

६६०० विसर. ते १३२ वॉट घेतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीचे ८ पिनच्या वायरने द्यावे लागतात. ती वायर तुझ्याकडे नाही आणि १८० वॉटमध्ये तेवढा दमही नाही. उंचीलाही बसणार नाही, कारण तुझ्या कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच लागतं.

१६५० चे लो-प्रोफाइल प्रकार मिळतात, ७५ वॉटच्या आतले. ३०५० चं ६ जीबीवालंही मिळतं, २०२४ मध्ये आलेलं, ७० वॉटचं. पण ही कार्डं सहसा दोन स्लॉट जाडीची असतात. तुझ्याकडे दोन सेंमी जागा आहे, तिथे ती एसएमपीएसला घासतील. जबरदस्तीने बसवशील तर पंखा पत्र्याला चिकटून बसेल, हवा आत जाणार कुठून?

म्हणून एका स्लॉटचं कार्ड शोध. दोन नावं देते. एक आरएक्स ६४००: ५३ वॉट, ४ जीबी. दुसरं एनव्हिडिया टी१०००: ५० वॉट, वर्कस्टेशनसाठी काढलेलं, पण त्यात १६५० एवढेच, ८९६ कोअर, म्हणजे गणितं करणारे भाग, आहेत. नवं टी१००० तुझ्या बजेटबाहेर जाईल, स्टुडिओ किंवा ऑफिसमधून निघालेलं बघ. मी टी१००० घेईन. ६४०० बोर्डाशी बोलायला फक्त ४ लेन, म्हणजे डेटाचे रस्ते, वापरतं. तुझा बोर्ड जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटचा आहे, त्यामुळे ४ जीबी मेमरी भरली की ते नव्या बोर्डापेक्षा जास्त अडखळेल.

धुळ्याचा_व्हिडिओवाला
मी तेच म्हणत होतो, एनव्हिडिया.

चाळीसगाव_एक्स्प्रेस
हे सगळं जुन्या मशीनवर का घालवता? विकून टाका. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या, त्यात ग्राफिक आतच आहे. व्हॅलोरंट आरामात चालतं. पुढे पैसे आले की मोठं कार्ड टाका, साधं कॅबिनेट असेल तर काहीच अडत नाही. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या पिढीवर ११ अधिकृतपणे चालत नाही.

नंदुरबारची_ताई
विचार चांगला आहे, पण त्यात प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस सगळंच नवं आलं. १५ हजारात बसणार नाही. जुनं विकून किती येतील ते आधी दुकानात विचारा, मग बोलू.

शिरपूरकर
बोर्ड तोच ठेवून कॅबिनेट आणि एसएमपीएस बदलला तर? मग ५८० पण बसेल.

भुसावळ_जंक्शन
त्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतो, डेलचा वेगळा असतो. कन्व्हर्टर मिळतात, पण पुढच्या बटणाची वायरही वेगळी. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्यात पडू नये.

केळीवाला_रावेर
ताई, माझ्या पुतण्याला इंजिनिअरिंगला लॅपटॉप घ्यायचाय, ग्राफिक लागेल का? ५० हजारांपर्यंत.

नंदुरबारची_ताई
काका, शाखा कोणती ते सांगा आणि वेगळा धागा काढा, नक्की सांगते.

अमळनेरचा_गेमर
जळगावला फोन लावला. एका दुकानात टी६०० पडून आहे, टी१००० मागवावं लागेल म्हणतो, स्टुडिओतून निघालेलं, पंधराच्या आत. टी६०० आजच मिळतंय, ते घेतलं तर? आणि माझा मॉनिटर व्हीजीएचा आहे, त्याचं काय?

नंदुरबारची_ताई
टी६०० मध्ये ६४० कोअर. घाईसाठी एवढं सोडू नकोस, थांब. तुझ्या १३६६ बाय ७६८ वर टी१००० ला जीटीए ५ जड जाणार नाही. व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरच आधी दम टाकेल, त्यामुळे उरलेल्या पैशात ८ जीबीची दुसरी रॅम टाक. रॅमच्या दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनेल होतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी काम करतात, फरक दिसतो.

कार्ड हातात आल्यावर बघ, अर्ध्या उंचीची पट्टी सोबत आहे का. वापरलेल्या कार्डांवर बऱ्याचदा लांब पट्टीच लागलेली असते आणि छोटी हरवलेली असते. छोटी नसेल तर कार्ड घेऊ नको. दुकानातच मशीनला लावून अर्धा तास गेम चालवून बघ. बिलावर सिरीयल नंबर लिहून घे.

आता मॉनिटर कसा जोडलाय?

अमळनेरचा_गेमर
मागे डिस्प्लेपोर्टला एक छोटा काळा कन्व्हर्टर लावलाय, त्यात व्हीजीए.

नंदुरबारची_ताई
मग तोच चालेल. टी१००० वर मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, सोबत मोठ्या डिस्प्लेपोर्टचे जोड येतात. जुनं कार्ड आहे, निदान एक जोड मिळतोय का ते विचारून घे. तो जोड आणि त्यावर तुझा काळा कन्व्हर्टर. मॉनिटरची वायर कार्डाला लाव, बोर्डाला नाही.

अमळनेरचा_गेमर
ठीक आहे ताई. टी१००० सांगितलं, पुढच्या आठवड्यात येईल म्हणतो. रविवारी रॅम तेवढी घेऊन येतो. डीडीआर४ प्रकारचीच ना?

भुसावळ_जंक्शन
झाकण परत उघड आणि आत्ता लागलेल्या रॅमवरचं स्टिकर वाच. सहाव्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३ चे पण येतात. फोटो टाक इथे.