धारावीजवळचं जंगल बघून या
कुणीतरी लिहिलंय की गिरण्या गेल्या, टॉवर आले, मुंबई हिरवी होणं शक्यच नाही. मला नाही पटत. सायन-बांद्रा लिंक रोडला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे ना, तिथे आधी कचऱ्याचं डम्पिंग होतं, त्यावरच माती टाकून झाडं लावली आणि १९९४ ला उद्यान सुरू झालं, चांगलं ३७ एकर! मागच्या पावसात लेकीला घेऊन गेलो तर ती हात ओढून एकेक फुलपाखरू दाखवत होती. बेस्टच्या इलेक्ट्रिक बसमुळे स्टॉपवर तोंडावर धूर येत नाही हेही जाणवतं. २०५० पर्यंत नेट झीरो (म्हणजे शहर हवेत जितका कार्बन सोडेल तितकाच शोषला जाईल) असं पालिकेच्या २०२२ च्या प्लॅनमध्ये आहे, पण उद्यानाला लागून मिठी नदी अजून काळीच वाहतेय, तिच्यातलं सांडपाणी आधी थांबवा बाबांनो.