कुंचला आणि शाईची किंमत शून्य? वू ग्वानझोंग यांचं म्हणणं पटतं का?

पाणरंग (धागाकर्ता):
चिनी निसर्गचित्रांवरचा एक जुना वाद डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय. १९९२ मध्ये चित्रकार वू ग्वानझोंग (१९१९–२०१०) यांनी लिहिलं की चित्रापासून सुटं काढलं तर 'बीमो'ची, म्हणजे कुंचला-शाईच्या कामाची, किंमत शून्य. मूर्ती न घडवलेल्या मातीच्या गोळ्याइतकी. त्यावर चित्रकार झांग डिंग यांचं उत्तर असं, की बीमो हीच चिनी चित्राची शेवटची हद्द आहे, ती राखायलाच हवी.

मी वूंच्या बाजूचा. १९४७ मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले, १९५० मध्ये परतले, बरीच वर्षं तैलरंगात रमले आणि सत्तरच्या दशकात शाईकडे वळले. त्यांचं सुझौच्या 'सिंहवन' बागेचं चित्र पाहा. वर मंडप, खाली तळ्यात माशांचे रंगीत ठिपके आणि मधला सगळा कागद नुसत्या वळणदार रेषांचा. मासे आणि मंडप हाताने झाका, खडक नाहीसे होतात, रेषा उरतात. हात काढला की त्याच रेषांचे पुन्हा दगड होतात! तागाच्या धाग्यांसारखे नाहीतर कुऱ्हाडीच्या घावांसारखे ठरलेले फटके गिरवत बसलेल्यांना हे सुचलं नसतं.

कोरा_कागद:
'गिरवत बसलेल्यांना' हे लागलं. मी सात वर्षं शुआन कागदावर काम करतेय. आन्हुई प्रांतातल्या जिंग तालुक्याचा हा कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. तुरटी न लावलेला कच्चा कागद टीपकागदासारखी शाई पितो. कुंचला टेकवून एक श्वास थांबलात तर नखाएवढा डाग पसरतो. पुसायची सोय नाही, वरून झाकायची नाही. मनगट अडखळलं तर कागद लगेच चुगली करतो. म्हणून ती एक रेष ओढायला वर्षं जातात. तंबोऱ्यावर षड्ज नुसता नीट लागला तरी अंगावर काटा येतो, बंदिश अजून सुरू व्हायची असते. त्या सुराची किंमत शून्य म्हणायची का?

पाणरंग:
षड्जाशी भांडण नाही. पण वू 'सुटं काढलं तर' म्हणाले, ते शब्द गाळून त्यांच्यावर तुटून पडणं अन्यायाचं आहे. नुसत्या षड्जावर मैफल होत नाही.

आडवाट:
चित्रकार ली केरान (१९०७–१९८९) यांच्याशिवाय ही चर्चा अपुरी आहे. हांगझौला लिन फेंगमियान यांच्या अकादमीत ते पाश्चात्त्य चित्रकला शिकले, नंतर ची बाइशी आणि हुआंग बिनहोंग या शाईच्या परंपरेतल्या उस्तादांच्या पायाशी बसले. १९५४ मध्ये दक्षिणेत फिरून जागेवर बसून त्यांनी चित्रं केली. सोबत कोण? लुओ मिंग आणि हेच झांग डिंग, हद्दवाले. तेव्हा झांग डिंग यांना पाश्चात्त्यांचं वावडं होतं असं समजू नका.

लींच्या चित्रात उजेड डोंगरामागून येतो. शाईचे थरावर थर चढवून डोंगर काळाकुट्ट, आणि धबधब्याची तेवढी एक रेघ कोऱ्या कागदाची. ते डच चित्रकार रेम्ब्राँचे चाहते होते, आणि हा उजेड मला तिथलाच वाटतो. काळोख मात्र थरावर थर देणाऱ्या हुआंग बिनहोंग यांचा. इतके थर दिल्यावर शाई मळली की चित्र मेलं. ती जिवंत ठेवली कुणी? बीमोनेच ना?

दूरचा_डोंगर:
माझं मत चित्रकार पान तियानशौ यांच्यासारखं. चिनी आणि पाश्चात्त्य या दोन्ही परंपरा दोन वेगळी शिखरं आहेत, त्यांच्यात अंतर राहू द्यावं. लींना मिश्रण साधलं, कारण दोन्हीकडे त्यांनी उमेदवारी केली. हल्लीच्या कितीतरी मिश्र चित्रांत धुकं असतं, डोंगर असतो, मनगट नसतं.

पाणरंग:
आडवाट, थरांचा मुद्दा मान्य. अंतर राखायचं मात्र पटत नाही. राखलं असतं तर लींच्या डोंगरामागे उजेड आलाच नसता.
कोरा_कागद, तो नखाएवढा डाग इथे दाखवाल? एक चित्रातला, एक सुटा.

कोरा_कागद:
डाग कशाला, रेष दाखवते. सुटीच. रात्री फोटो टाकते, बघून सांगा शून्य वाटते का.