पाणी चढते ते प्राणवायू संपल्यामुळे नव्हे

ताटलीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला की आतला प्राणवायू संपतो आणि त्याची एक पंचमांश जागा पाणी घेते, हे स्पष्टीकरण फार रूढ आहे, पण मुलांना ते सांगू नये असे मला मनापासून वाटते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते, म्हणजे बराचसा प्राणवायू पेल्यात शिल्लकच राहतो. शिवाय ज्वलनातून कार्बन डायऑक्साइडही तयार होत असतो.

मुख्य कारण उष्णतेचे आहे. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते, तिचा काही भाग बाहेर निसटतो (काठाखालून येणारे बुडबुडे कधी कधी स्पष्ट दिसतात), आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच बहुतेक पाणी ज्योत विझता विझता एकदम चढते. घरच्यांसमोर प्रयोग करताना त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवाव्यात. सुरुवातीचा प्राणवायू जवळपास तेवढाच असूनही पाणी अधिक उंच चढते.